ऊषर भूमि आणि मातींतील मित्र

अमरकोशाच्या भूमिवर्गांत 'उर्वरा' आणि 'ऊषर' हे दोन शब्द अगदीं शेजारीं शेजारीं आलेले आहेत. पहिला सुपीक जमिनीचा वाचक, दुसरा खाऱ्या जमिनीचा. कोश पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास हें शेजारपण पाठांतराच्या सोयीचें, एवढेंच वाटतें. परंतु कृष्णाकांठच्या एखाद्या गांवीं शेतांतून हिंडून आलें म्हणजे ते शब्द एकत्र ठेवले हें योग्यच झालें, असें मनांत येतें. कारण तेथें बांधाच्या अलीकडे उर्वरा आणि पलीकडे ऊषर असा प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. इतकेंच नव्हे, तर आजोबांच्या हयातींत जी उर्वरा होती तीच नातवाच्या हातीं ऊषर होऊन आलेली असते. जमीन तीच, गट क्रमांक तोच, सातबाऱ्यावरील आडनांवहि तेंच. बदललेलें असतें तें मातीच्या पोटांतलें मीठ.

हा विषय ह्या महिन्यांत घेण्यास कारण झालें तें एका वाचक भगिनींचें पत्र. त्यांचें घर वाळवें तालुक्यांतील. चार भावांचें एकत्र कुटुंब. दोघे भाऊ गांवीं शेती पाहतात, दोघे नोकरीनिमित्त पुण्यास असतात. अकरा एकरांपैकीं पांच एकर आतां क्षारपड झाली आहे. पत्रांत त्या लिहितात कीं, हें संकट घरांत प्रथम सासूबाईंना कळलें. विहिरीच्या पाण्यांत तुरीची डाळ शिजेनाशी झाली, साबणास फेंस येईना, चहास मचूळ चव येऊं लागली. पुरुषमंडळींनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. पुढें तीन-चार वर्षांत उसाचे पट्टेच्या पट्टे पिवळे पडले आणि उन्हाळ्यांत वाफ्यांच्या वरंब्यांवर पांढरी बुकणी दिसूं लागली. आतां पुण्याचे थोरले दीर म्हणतात, "मिळेल त्या किंमतीस विकून मोकळे व्हा." धाकट्या दिरांकडे एक विक्रेते येऊन गेले, 'उपयुक्त जीवाणूंच्या' बाटल्या घातल्या कीं जीवाणु क्षार खाऊन टाकतात, असें त्यांनीं सांगितलें. "जमीन विकावी कीं बाटल्या घ्याव्या, ह्यावर घरांत रोज रात्रीं वाद होतो, आपण कांहीं सांगावें," असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न एका घराचा नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं गांवाकडची थोडीबहुत जमीन अजून सामायिक आहे आणि तिचा वांटा येतो एवढाच तिच्याशीं संबंध उरलेला आहे. म्हणून आम्ही जरा मुळापासून आरंभ करतों.

मातींत मीठ येतें कोठून? खडक झिजतो तेव्हां त्यांतून क्षार सुटतात. पावसाच्या पाण्यानें ते ओढ्यानाल्यांत उतरतात आणि नदीवाटे समुद्रास मिळतात. हा क्रम अव्याहत चालू असतां जमीन बिघडत नाहीं. पाटाचें वा उपसा योजनेचें पाणी येतें तेव्हां मात्र हा हिशेब बदलतो. गोड म्हणविणाऱ्या पाण्यांतहि थोडे क्षार असतातच. समजा, एका लिटरांत अर्धा ग्रॅम क्षार आहेत. एका एकरावर वर्षभरांत मिळून एक मीटर उंचीचें पाणी दिलें, तर तें सुमारें चाळीस लक्ष लिटर होतें. आणि त्याबरोबर सुमारें दोन टन क्षार त्या एकरांत येतात. उसास तर ह्याहून पुष्कळ अधिक पाणी देण्याची चाल आहे. पाणी सूर्य शोषून घेतो, कांहीं ऊस पितो; परंतु सूर्य मीठ नेत नाहीं आणि ऊसहि त्यांतलें फारच थोडें घेतो. उरलेलें मीठ जमिनींतच राहतें. दहा वर्षांचा गुणाकार वाचकांनींच करावा.

त्यांत आपली काळी जमीन चिकण. तिच्यांत पाणी मुरतें सावकाश आणि बाहेर पडतें त्याहूनहि सावकाश. वरून पाणी येतच राहिलें आणि खालून त्यास वाट नसली, म्हणजे भूमिगत पाण्याची पातळी वर चढूं लागते. ती जमिनीपासून तीन-चार फुटांवर आली कीं दिव्याची वात जसें तेल वर खेंचते तशी माती खालचें खारें पाणी वर खेंचते. पाण्याची वाफ होते. मीठ पृष्ठभागावर राहतें. शेतकरी म्हणतो, "जमिनीला मीठ फुटलें."

ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला आणि बारामतीकडचा दुष्काळी मुलूख उसानें हिरवा झाला. परंतु पुरतीं पंचवीस वर्षें लोटलीं नाहींत तोंच, १९१० सालीं, मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यास नीरेच्या खोऱ्यांतील क्षारभूमींवर स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली. ती लिहिणाऱ्यांत पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन हे होते. म्हणजे रोगाचें निदान होऊन शंभरांवर वर्षें झालीं आहेत. पुढें कृष्णा-वारणेच्या कांठीं, मिरज, वाळवें, पलूस, शिरोळ ह्या तालुक्यांत, तोच क्रम पुनः घडला. हरियाणांतील कर्नाल येथें १९६९ सालीं केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या अंदाजाप्रमाणें भारतांत सुमारें ६७ लक्ष हेक्टर जमीन क्षारांनीं बाधलेली आहे. मिरजेजवळच्या एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस ह्या साऱ्या इतिहासाचें सार एका वाक्यांत सांगितलें: "गुरुजी, आधीं पाणी नव्हतं म्हणून पिकत नव्हतं, आतां पाणी जात नाहीं म्हणून पिकत नाहीं."

आतां एक भेद नीट ध्यानांत घ्यावयास हवा. कारण तो न कळल्यामुळें पुष्कळांचे पैसे पाण्यांत जातात. बिघडलेली जमीन मुख्यतः दोन प्रकारची. पहिली खारवट अथवा क्षारयुक्त: हिच्यांत विरघळणारे क्षार फार, उन्हाळ्यांत पांढरा थर दिसतो, परंतु माती भुसभुशीत राहते. दुसरी चोपण: हिच्यांत सोडियम हा धातु मातीच्या कणांस चिकटून बसलेला असतो. त्यामुळें कण एकमेकांस धरीत नाहींत; पाण्यांत विरघळल्यासारखे सुटे होतात आणि मातीचीं छिद्रें बुजवितात. ही जमीन ओली असतां चिखल व वाळली कीं दगड. प्रयोगशाळेंत मातीच्या संपृक्त अर्कांतून वीज किती सुलभतेनें वाहते तें मोजतात. तो आंकडा ४ डेसिसायमनच्या वर गेला कीं जमीन क्षारयुक्त समजतात. मातीच्या कणांवरील सोडियमचें प्रमाण शेंकडा १५ च्या वर आणि सामू साधारणतः ८.५ च्या वर असला, तर ती चोपण. दोन्ही दोष एकत्र असलेलीहि जमीन असते. खारवट जमीन केवळ पाण्यानें धुतां येते. तिला जिप्समची गरज नसते. चोपण जमिनीवर मात्र नुसतें गोड पाणी सोडलें, तर ती अधिकच मिटते. तिला आधीं जिप्सम द्यावें लागतें. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणांवरून उठवितो आणि मग तो सोडियम पाण्याबरोबर बाहेर काढतां येतो. एकाचें औषध दुसऱ्याच्या उपयोगीं पडत नाहीं, म्हणून मातीपरीक्षा प्रथम.

क्षारांचें प्रमाण बारा महिने सारखें राहत नाहीं, हेंहि समजून घ्यावें. त्यांचीहि एक भरती-ओहोटी आहे. कोंकणांतील खार जमिनींत हा खेळ स्पष्ट दिसतो. खाडीच्या भरतीचें पाणी बांधानें अडविलेल्या ह्या खाचरांत वैशाखांत पाऊल टाकवत नाहीं इतकें मीठ असतें. आषाढाच्या सरी त्यास धुवून नेतात, तेव्हां भाताची लावणी होते. आणि पाऊस सरला कीं कार्तिकानंतर मीठ पुनः डोकें वर काढतें. कोंकणांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून निसर्गच दरवर्षीं ही धुलाई फुकट करून देतो. सांगली-मिरजेकडे पाऊस पांच-सहाशें मिलिमीटरच्या आसपास. तेथें ही मेहेरबानी नाहीं. शिवाय एक फूट मातींतून बहुतेक मीठ काढावयाचें तर सुमारें एक फूट उंचीचें पाणी तींतून आरपार जावें लागतें, असा ढोबळ नियम आहे. 'आरपार' हा शब्द महत्त्वाचा. खालीं वाटच नसेल तर पाणी जाणार कोठें? मातीचा नमुना उन्हाळ्यांत, पावसापूर्वीं घ्यावा, तो ह्यासाठींच. श्रावणांतला नमुना जमिनीचें खरें दुखणें लपवितो.

ज्या पिकासाठीं हें सर्व पाणी आणलें तो ऊस तरी मीठ सोसतो काय? अमेरिकेंतील मास व हॉफमन ह्यांनीं १९७७ सालीं पिकांच्या सहनशक्तीचें जें कोष्टक दिलें त्याप्रमाणें गहूं ६ डेसिसायमनपर्यंत व कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. ऊस मात्र १.७ च्या पुढें गेलें कीं प्रत्येक एककामागें शेंकडा सुमारें सहा उत्पन्न गमावतो. म्हणजे ८ डेसिसायमनच्या जमिनींत शंभर टनांचे साठ-पासष्ट टन व्हावयाचे. उसाच्या पाण्यानें जमीन खारी होते आणि खारी जमीन प्रथम उसासच सोडते, असा हा न्याय आहे.

येथवर मातीच्या निर्जीव भागाचा विचार झाला. परंतु माती म्हणजे केवळ दगडाचा चुरा नव्हे. चांगल्या शेताच्या चिमूटभर मातींत कोट्यवधि जीवाणु नांदत असतात. ही गोष्ट विज्ञानास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमगली. १८८६ सालीं जर्मनींत हेलरीगल ह्यांनीं दाखविलें कीं, द्विदल पिकें आपल्या मुळांवरील गांठींच्या द्वारां हवेंतला नत्र मिळवितात. आणि १८८८ सालीं हॉलंडांतील बायरिंक ह्यांनीं त्या गांठींतील जीवाणु वेगळा काढला. आज त्यास आपण ऱ्हायझोबियम म्हणतों. पुढें १९०१ सालीं बायरिंक ह्यांनींच मातींत स्वतंत्रपणें राहून नत्र बांधणारा ॲझोटोबॅक्टर वर्णिला. ह्याच सुमारास विनोग्राद्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें अमोनियाचें नायट्रेट करणारे जीवाणु शोधून काढले. उसाच्या आंत राहून नत्र पुरविणारा ॲसिटोबॅक्टर ब्राझीलमध्यें सांपडला, तो १९८८ सालीं. ह्यांखेरीज कांहीं जीवाणु मातींत अडकून पडलेला स्फुरद विरघळवितात, तर कांहीं आपल्या चिकट स्रावानें मातीचे कण जोडून तिची रवाळ घडण करतात.

आतां ह्या मंडळींवर मिठाचा परिणाम काय होतो? आमच्या वाचक भगिनींना हें सांगावयास नको. कैरीच्या लोणच्यांत मीठ कां घालतात? मीठ सूक्ष्म जीवांच्या शरीरांतलें पाणी बाहेर ओढून घेतें. नासविणारे जंतु त्यांत वाढूं शकत नाहींत, म्हणून लोणचें वर्षभर टिकतें. बरणींत जें आपण मुद्दाम करतों तेंच खारवट शेतांत नकळत घडतें. पाला, पाचट, शेणखत कुजण्याची क्रिया मंदावते. नायट्रेट करणारे जीवाणु विशेष नाजूक. ते थंडावले कीं शेतांत टाकलेल्या युरियाचा नत्र पिकास मिळण्यास अडथळा येतो आणि चोपण जमिनींत तर तो अमोनियाच्या रूपानें हवेंत उडून जातो. ऱ्हायझोबियम स्वतः थोडें मीठ सोसतो. परंतु मुळांवर गांठी धरण्याचें काम मात्र त्याच्या आधीं बिघडतें. ह्यास्तव क्षारपड जमिनींत खताची मात्रा वाढविली तरी पीक वाढत नाहीं. खत असतें, पण तें रांधून वाढणारें कोणी उरलेलें नसतें.

परंतु मिठाच्या पाण्यांत मुरविलेल्या भाज्यांनाहि आंबट चव येते, ती मीठ सोसणाऱ्या जीवाणूंमुळेंच. सृष्टींत कोणतीहि जागा फार काळ ओस राहत नाहीं. खाऱ्या मातींत टिकून राहणारे जीवाणु आहेत आणि त्यांची युक्ति पाहण्यासारखी आहे. बाहेरचें मीठ आपलें पाणी खेंचीत असतां ते आपल्या देहांत ट्रेहॅलोज नांवाची साखर, प्रोलीन, बिटेन, एक्टोईन असे निरुपद्रवी पदार्थ सांठवितात आणि त्या बळावर पाणी धरून ठेवतात. त्यांपैकीं एक्टोईन हा पदार्थ १९८५ सालीं प्रथम ओळखला गेला, तोहि अत्यंत खाऱ्या जागीं राहणाऱ्या एका जीवाणूंतच.

हे जीवाणु पिकांच्या मुळांशीं राहिले तर पिकासहि साह्य करतात. त्यांतला एक प्रकार सांगतों. अढींत घातलेले आंबे ज्या वायूनें पिकतात तो एथिलीन वनस्पति स्वतःच निर्माण करीत असते. मिठाचा त्रास होऊं लागला कीं झाड हा वायु प्रमाणाबाहेर करूं लागतें आणि त्यामुळें त्याच्या मुळांची वाढ खुंटते. जणूं भीतीनेंच तें अकालीं वृद्ध होतें. कांहीं जीवाणूंजवळ असें एक पाचकद्रव्य असतें कीं, एथिलीन ज्या पदार्थापासून बनावयाचा तोच पदार्थ ते मोडून आपलें अन्न करतात. एथिलीन कमी होतो, मूळ पुढें सरकतें. इस्राएलच्या दक्षिणेकडील अरावा ह्या रुक्ष व खाऱ्या प्रदेशाच्या मातींतून काढलेला असा एक जीवाणु टोमॅटोच्या रोपांस दिला असतां मिठाच्या पाण्यांतहि तीं रोपें अधिक जोमानें वाढलीं, हें २००४ सालीं प्रसिद्ध झालेलें आहे. दुसरे कांहीं जीवाणु मुळांभोंवतीं चिकट वेष्टण करतात. त्यांत सोडियम कांहीं अंशीं अडकून राहतो आणि मुळांत कमी शिरतो. आपल्याकडेहि कर्नालच्या संस्थेनें लखनौच्या केंद्रांत मीठ सोसणाऱ्या जीवाणूंचीं संवर्धनें सिद्ध केलीं आहेत. सारांश, जीवाणूंचा महिमा खोटा नाहीं.

मग विक्रेत्याचें म्हणणें खरें मानावें काय? नाहीं. वरील वर्णनांत जीवाणूंनीं क्षार खाल्ला असें कोठेंहि आलेलें नाहीं. सोडियम हा मूलधातु आहे. कोणताहि जीव त्यास पचवून नाहींसा करूं शकत नाहीं. एखाद्या जीवाणूनें तो आपल्याजवळ धरला तरी तो शेतांतच राहतो. मीठ शेतांतून जावयाचें असेल तर तें पाण्याबरोबर, शेताबाहेर, कोणत्या तरी चरांतूनच गेलें पाहिजे. जीवाणु पिकास मीठ सोसण्याची शक्ति देतात, मातीस घडण देतात. मीठ हद्दपार करीत नाहींत. ज्वर असतां रोग्यास पेज देणें अवश्य, पण पेज म्हणजे ज्वराचें औषध नव्हे.

आणखी एक हिशेब करूं. आपल्या खत नियंत्रण आदेशांत २००६ सालीं जीवाणु-खतांचा समावेश झाला. तेव्हां ठरलेल्या मानाप्रमाणें द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरांत निदान १० कोटि जिवंत जीवाणु असावे लागतात. एका लिटरच्या बाटलींत ते दहा हजार कोटि झाले. संख्या ऐकून छाती दडपते. परंतु एक एकराच्या वरच्या सहा इंच मातीचें वजन सुमारें साडेआठशें टन, म्हणजे ८५ कोटि ग्रॅम भरतें. भागाकार केला तर एका ग्रॅम मातीच्या वांट्यास जेमतेम १२० जीवाणु येतात. आणि त्याच ग्रॅमांत मूळचे रहिवासी असतात कोट्यवधि. अशा गर्दींत उपाशीं व परक्या पाहुण्याचें काय चालणार? ह्यासाठींच जीवाणु-खत शेतभर शिंपडण्यापेक्षां बियाण्यास चोळणें, बेणें त्याच्या द्रावणांत बुडविणें, किंवा कुजलेल्या शेणखतांत मिसळून मुळांपाशीं देणें श्रेयस्कर असतें. बाटलीवरची मुदत पाहावी, ती उन्हांत ठेवूं नये, बुरशीनाशकाबरोबर एकत्र करूं नये. विरजण कितीहि उत्तम असलें तरी तें उकळत्या दुधांत घातलें तर दहीं लागत नाहीं, आणि पाण्यांत घातलें तरीहि लागत नाहीं. आधीं दूध असावें, तें कोमट असावें. मग चमचाभर विरजण पुरतें. जमिनीचें दूध म्हणजे सेंद्रिय द्रव्य, आणि तिचें कोमटपण म्हणजे मिठाची सोसवेल इतकी मात्रा.

तथापि जमीन सुधारण्याच्या कामांत जीवाणूंचा एक मोठा वांटा आहे आणि तो बाटलीवांचून मिळतो. आपल्या काळ्या जमिनींत बहुधा चुनखडी असते. तींत कॅल्शियम भरपूर. पण तो न विरघळणारा, म्हणून निरुपयोगी पडलेला. शेतांत धैंचा पेरला आणि फुलावर येण्याच्या सुमारास गाडला, म्हणजे त्यास कुजविणारे जीवाणु कर्बवायु व सेंद्रिय आम्लें उत्पन्न करतात. त्यांनीं चुनखडी हळूहळू विरघळते, कॅल्शियम मोकळा होतो आणि सोडियमला कणांवरून उठवितो. जें काम जिप्सम विकत आणून करावें लागतें त्याचा कांहीं भाग हे बिनपगारी चाकर करतात. धैंचा स्वतः खारी व पाणथळ जागा सोसणारा असून त्याच्या मुळांवर नत्राच्या गांठीहि असतात. चुनखडीच्या चोपण जमिनींत गंधक घालण्याचा उपायहि जीवाणूंवरच अवलंबून आहे. गंधकाचें आम्ल करणारे जीवाणु मातींत असतात. त्या आम्लाची चुनखडीशीं गांठ पडून जागच्या जागीं जिप्सम तयार होतें. मात्र ह्या सर्वांस हवा लागते. पाणी तुंबलेल्या जमिनींत हे मित्र गुदमरतात. म्हणजे पुनः चराशींच येऊन पोंचलों.

तेव्हां कामाचा क्रम असा. प्रथम, उन्हाळ्यांत शेतांत तीन-चार ठिकाणीं चार फूट खोल खड्डे घेऊन पाणी कितीवर लागतें तें पाहावें. दुसरें, वरची, मधली व खालची माती वेगवेगळी घेऊन परीक्षेस पाठवावी. विहिरीचें पाणीहि तपासावें. तिसरें, पाण्यास वाट करावी: उघडा चर, किंवा तीन-चार फूट खोल पुरलेले सच्छिद्र नळ. चौथें, परीक्षेंत चोपणपणा निघाल्यास सांगितलेल्या मात्रेनें जिप्सम घालून पाणी द्यावें. पांचवें, धैंचा अथवा ताग गाडावा, पाचट जाळूं नये. सहावें, जीवाणु-खत. सातवें, आणि हेंच सर्वांत कठीण, उसाचें पाणी कमी करावें आणि निदान कांहीं वर्षें तेथें मीठ सोसणारें दुसरें पीक घ्यावें. विक्रेता सहाव्या पायरीस पहिली म्हणतो, कारण ती बाटलींत भरतां येते. चर बाटलींत भरतां येत नाहीं.

चर एकट्याचा होत नाहीं, हें त्यांतलें मर्म. माझ्या शेतांतलें खारें पाणी मीं बाहेर काढलें, तर तें खालच्या शेजाऱ्याच्या शेतांत उतरणार. त्याच्या खालीं आणखी कोणी असणार. ओढ्यापर्यंत सर्वांची संमति मिळाली तरच वाट होते. शिरोळ तालुक्यांत शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन जमिनीखालीं नळ घातले आणि पडीक झालेली पुष्कळ जमीन पुनः पिकाखालीं आणली, तें अशाच सहमतीनें. विज्ञान त्यांच्याजवळ इतरांहून निराळें नव्हतें. भाऊबंदकी मात्र त्यांनीं बाजूस ठेवली.

पत्रलेखिका भगिनींच्या घरास आमचें सांगणें ह्या अनुरोधानेंच आहे. बाटल्यांवर आज एक रुपयाहि खर्चूं नये. आणि जमीनहि परीक्षेपूर्वीं विकूं नये. पाणी तीन फुटांच्या आंत लागत असेल आणि खालचे शेजारी वाट देण्यास कांहीं केल्या तयार नसतील, तर ते पांच एकर सुधारण्याची आशा थोडी. मग थोरल्या दिरांचा विचार अगदींच टाकाऊ ठरणार नाहीं. परंतु वाट मिळत असेल तर जमीन काहीं वर्षांत हळूहळू माणसांत येते, असा अनुभव आहे. खर्च मोठा आहे, हें खरें. तो कोणीं करावा? ज्या वर्षीं ऊस चांगला होता त्या वर्षीं पुण्याचा वांटा पुण्यास बिनबोभाट पोंचत होता. तें उत्पन्न जमिनीनें आपलें अंग झिजवून दिलेलें होतें. त्या झिजेंत चौघेहि भाऊ सारखे वांटेकरी आहेत. तेव्हां चराचा खर्चहि चौघांनीं वांटून घेणें हाच आमच्या मतें न्याय. गांवीं राबणाऱ्या दोघांवर तो टाकून "विकून मोकळे व्हा" म्हणणें सोपें आहे, शोभणारें नाहीं. आणि हा निर्णय घेतांना सासूबाईंना बैठकींत बसवावें. जमिनीच्या आजाराची पहिली वर्दी त्यांच्या डाळीच्या पातेल्यानें दिली होती.

इतर वाचकांनींहि येत्या सुटींत गांवीं जाल तेव्हां वांट्याचा हिशेब पाहून परत फिरूं नये. विहिरीचें पाणी चाखून पाहावें, शेताच्या सखल कोंपऱ्यांत जाऊन मातीवर पांढरी झांक आहे का तें पाहावें, आणि घरांतल्या बायकांना डाळ कशी शिजते तें विचारावें. आजार आरंभीं ओळखला तर चर उथळ पुरतो, जिप्सम थोडें लागतें, आणि मातींतले मित्रहि अजून जिवंत असतात. पुढील अंकीं मातीचा नमुना कसा घ्यावा आणि परीक्षेचा कागद कसा वाचावा, ह्याविषयीं लिहूं. इत्यलम्.